घसरायचं, पण बेतानं

बोलिंग अ‍ॅलीत सांडलेल्या सरबतावर आपला डावा बूट पडलाय, हे तिला कळलंच नाही. लेनच्या टोकाच्या पिना पाडायला जड बॉल घेऊन ती मोठ्या ऐटीत धावली. शेवटच्या पावलाला हलकेच घसरायचं, तर बूट जमिनीला गच्च चिकटला… आणि दातांची डॉक्टरीणबाई सपशेल पालथी!

समोर एक हात आला. "लागलं का हो?"

"इज्जतीला लागलं," ती पुटपुटली.

तो हसला. शेजारच्या लेनवर खेळणारा, नकाशे काढणारा उंच, लाजरा माणूस. त्यानं तिचा बूट उलटा धरला. "तळ ओला झालाय. ओला तळ घसरत नाही, अडतो." या खेळाच्या बुटांचे तळ बदलता येतात; टर्रकन तो तळ ओढून काढून त्यानं आपल्या पिशवीतला कोरडा तळ चिकटवून दिला. "घसरायचं, पण फाउलच्या रेषेच्या अलीकडे थांबायचं."

मग दर शनिवारी दोघं शेजारी-शेजारी. हा पठ्ठ्या स्वतः मात्र इतका खरखरीत तळ लावायचा, की रेषेच्या हातभर अलीकडेच थांबायचा. बोलण्यातही तेच! "मला तुम्हाला एक…" म्हणायचा आणि नाडी बांधायला खाली वाकायचा. तिचा तर कधीच जीव जडला होता. आणि आता त्याची बदली झाली होती, उद्या सकाळी तो जाणार होता. आज बोलला नाही तर संपलंच सगळं.

शेवटचा बॉल. बाकावरून त्याची वहिनी ओरडली, "भावजी, आता तरी धीर करा!"

तो धावला, घसरला… आणि घसरतच राहिला. रेषा मागे पडली, फाउलचा लाल दिवा लागला आणि स्वारी तेल लावलेल्या लेनवर बसल्या-बसल्या पुढे निघाली.

ती धावत रेषेपाशी आली. "अहो, सगळ्यात गुळगुळीत तळ लावलात की!"

"बघितलंच नाही… लक्ष नव्हतं."

"कुठे होतं मग?"

"तुमच्याकडे. पहिल्या दिवसापासून." त्याचे कान लालबुंद झाले. "आता पडलोच आहे, तर सांगूनच टाकतो… लग्न कराल माझ्याशी?"

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"आईला मी गेल्याच आठवड्यात सांगितलंय, मुलगा पसंत आहे, फक्त त्यानं विचारायचं राहिलंय. तेव्हापासून ती रोज माझं डोकं खातेय. चला, उठा आता… आधी तिला फोन करा!"