हातखंब्याच्या वहीतली दोन पानं

चोर सापडला. त्याने गुन्हा कबूल केला आणि सगळ्यांना चहा पाजला.

हे वाचलंच नाही असं समजा. कारण चहा संपल्यावर सर्वानुमते असं ठरलं, की चोरी झालीच नव्हती, चोर सापडलाच नव्हता आणि उमाताई त्या रविवारी रत्नागिरीत माळनाक्यावरच्या आपल्या खोलीत बसून कैऱ्या चिरत होत्या. तेव्हा आपणही काही घडलंच नाही असं धरू आणि आदल्या दिवशीपासून सुरुवात करू.

शनिवारी सकाळी उमाताई खरोखरच कैऱ्या चिरत होत्या. दारावर पाटी होती: 'उमा सरपोतदार, खाजगी चौकशी. लग्नाच्या स्थळांना प्राधान्य.' समोर त्यांचा मामेभाऊ सलिल बसला होता. सलिल देवरूखला नागरिकशास्त्र शिकवायचा. राज्यघटनेची कलमं त्याला तोंडपाठ होती आणि त्या पाठांतराचा अजून कोणालाही उपयोग झालेला नव्हता.

दारात एक घामेजलेला माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, काखेत लांबोडकी वही.

"मी पास्टर विठू," तो म्हणाला. "हातखंब्याला पंक्चरच्या दुकानामागे आमची प्रार्थनेची खोली आहे."

"पास्टर आणि विठू?" सलिल म्हणाला.

"देवाने नाव बदलायला सांगितलं नाही हो. आणि रेशनकार्डावर बदलायला दोन वर्षं लागतात."

उमाताईंनी सुरी खाली ठेवली. "बसा. काय चोरीला गेलं?"

"दोन पानं."

मग त्याने सगळं सांगितलं. देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथला सागर शेजारच्या राज्यात कारखान्यात नोकरीला. (राज्याचं नाव इथे देत नाही. त्यालाही परवानगी लागत असेल.) गेल्या शिमग्याला तो घरी आला होता. तेव्हा हातखंब्याला येऊन, स्वतःच्या मर्जीने, त्याने बाप्तिस्मा घेतला. सुट्टी संपली, तो परत गेला. तिकडे खोलीत प्रार्थना करताना कोणीतरी पाहिलं. पोलिसांनी उचलला.

"कशासाठी?" सलिलने विचारलं. "कलम पंचवीस. धर्मस्वातंत्र्य."

"तिकडे धर्म बदलायचा तर आधी कलेक्टरची परवानगी लागते, मास्तर. पोलीस म्हणतात, बाप्तिस्मा तिकडेच झाला, परवानगीशिवाय. इकडे झाला असेल तर गुन्हाच नाही, कारण इकडे तसा कायदा नाही. काल संध्याकाळी तिकडच्या वकिलाचं पत्र आलं. बुधवारी सुनावणी आहे. वहीतलं मूळ पान घेऊन या, नाहीतर पोरगा आत राहील. वही उघडली, तर पान गायब."

"झेरॉक्स?"

"काढणार होतो. लोडशेडिंग होतं."

"तुम्ही स्वतः जाऊन साक्ष द्या की."

पास्टरने मान खाली घातली. "वकील म्हणाला, तुम्ही आलात तर तुम्हालाही आरोपी करतील. बाप्तिस्मा देणारा म्हणून. माझा देव दोन्ही राज्यांत आहे हो. मला जामीन राहणारा माणूस मात्र एकच आहे, तो पंक्चरवाला."

उमाताईंनी वही उघडली. प्रत्येक उजव्या पानावर एक बाप्तिस्मा: नाव, तारीख, ठिकाण, सह्या. डावी पानं कोरी. नववं आणि एकतिसावं पान मुळापासून फाडलेलं.

"एकतिसावं सागरचं," पास्टर म्हणाला. "नववं भिकाजीचं. हातखंब्याचाच म्हातारा, दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या पानाचं कोणाला काय काम?"

"भिकाजीचा मृत्यू संशयास्पद होता का?" सलिल पुढे सरकला.

"ब्याण्णव वर्षांचा होता."

सलिल मागे सरकला. तेवढ्यात त्याला दिसलं, की फाटलेल्या नवव्या पानासमोरच्या कोऱ्या पानावर जांभळट डाग आहे. एकतिसाव्यासमोरही तसाच. "प्रार्थनेला जांभळं वाटता वाटतं तुम्ही," तो म्हणाला. उमाताईंनी त्याच्याकडे फार प्रेमाने पाहिलं. मूर्खपणा कामाचा असला की त्या तशा पाहत.

"बाकी सगळी पानं सह्यांची आहेत," त्या म्हणाल्या. "सागरच्या पानावर साक्षीला कोण होतं?"

"घरचं एक माणूस घेतोच मी. नंतर भांडणं नकोत. पण नाव सांगणार नाही. वाडीत कळलं तर त्या माणसाचं पाणी तोडतील. शब्द दिलाय."

"बरं. पान शेवटचं कधी पाहिलंत?"

"बुधवारी रात्री. गुरुवारी तिघं जण आले. तिन्ही वेळा मी पुढे चहा सांगायला गेलो. वही टेबलावरच होती. सकाळी सागरचा थोरला भाऊ सदू आला, शिव्या द्यायला. दुपारी हरिहरकाका, वाडीच्या गावकीचे अध्यक्ष. संध्याकाळी सागरची आई, सोनूबाई. रडत होती."

सलिलने आपली मारुती काढली. हातखंबा मागे पडला, रस्ता वाडीच्या चढाला लागला.

हरिहरकाका निवृत्त शिक्षक. त्यांच्या पडवीत हापूसच्या पेट्या आणि सुवाच्य अक्षरातल्या सूचना: 'येथे थुंकू नये', 'गावकीची सभा रविवारी'.

"मी पान फाडलं?" काका हसले. "बाई, मला ते पान जपून हवं होतं. देवळाच्या खांबाला चिकटवायला! नुसत्या कुजबुजीवर घर बाजूला टाकता येत नाही. पुरावा लागतो. आम्ही कायद्याने चालणारी माणसं."

"कुठल्या कायद्याने?" सलिलने विचारलं.

"गावकीच्या. तू कुणाचा रे?"

"बाजूला टाकायचं म्हणजे नेमकं काय?" उमाताईंनी विचारलं.

"विशेष काही नाही. शिमग्याला पालखी त्या घरी जाणार नाही. विहीर वेगळी. मयताला खांदा नाही." काकांनी आंबा पुढे केला. "घ्या, पिकलाय. जबरदस्ती कोणावर नाही हो. ज्याला जो धर्म घ्यायचा तो घ्यावा. फक्त इथे राहू नये."

सदू एसटीत कंडक्टर. ड्यूटीवरून नुकताच आला होता. गळ्यात तिकिटांची पेटी, खिशात पेन.

"हो, गेलो होतो शिव्या द्यायला," तो म्हणाला. "पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा. आजोबांपासून. ह्या सागऱ्यामुळे तो जाणार. पण पान? ते गेलं तर तो सुटणार कसा?"

"हे तुला कधी कळलं?"

"काल रात्री. पास्टर वकिलाचं पत्र घेऊन आला तेव्हा. त्याआधी कोणाला काय ठाऊक? मंगळवारी तिकडचे पोलीस आले होते. कणगी उलटी केली, ट्रंक फोडली. 'कागद कुठाय, कागद कुठाय' एवढंच चालू. तांदूळ अंगणभर. आई अजून निवडतेय."

सोनूबाई खरंच अंगणात सूप घेऊन बसली होती. तांदळातला मोहरीएवढा खडा टिपून बाजूला टाकत होती.

"ये बाय, बस. माज्या पोराचा काय कललां काय?"

उमाताईंनी पर्समधून पास्टरकडून घेतलेलं वकिलाचं पत्र काढलं. "हे वाचा, आजी. तुमचं नाव आहे यात."

"चष्मा फुटलाय माजा."

"माझा घ्या."

म्हातारीने चष्मा लावला, कागद हातात फिरवला, परत दिला. "तुज्या चष्म्यातून नाय दिसत." आणि आणखी एक खडा टिपला.

परतीच्या वाटेवर सलिलने निकाल जाहीर केला. "काका. शंभर टक्के. माणूस इतका सभ्य बोलायला लागला की समजावं."

"उद्या सकाळी सोनूबाईच्या पडवीत सगळे जमूया," उमाताई म्हणाल्या. "काका सोडून."

रविवारी पडवीत पास्टर, सदू, सलिल आणि सोनूबाई. उमाताई भिंतीला टेकून बसल्या आणि कैरी चिरावी तशा बोलायला लागल्या.

"पानं गुरुवारी गेली. वकिलाचं पत्र आलं शुक्रवारी. म्हणजे गुरुवारी हे पान सागरला सोडवू शकतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा पान फाडणारा सागरच्या वाईटावर नव्हता."

"मग काका?" सलिल म्हणाला.

"काकांना पान हवं होतं. खांबाला लावायला. ते फाडतील, पण लपवणार नाहीत. एव्हाना देवळात दिसलं असतं."

सगळ्यांनी सदूकडे पाहिलं.

"सदूला पान नाहीसं झालेलं चाललं असतं," उमाताई म्हणाल्या. "पालखीसाठी. पण सदू दिवसाला पाचशे तिकिटं फाडतो. सागरचं नाव वाचून एक पान फाडलं असतं त्याने. भिकाजीचं कशाला?"

"तेच तर मी म्हणत होतो, भिकाजी," सलिल पुटपुटला.

"तू जांभळं म्हणालास, तिथे गाडी सुटली. दोन्ही पानांसमोर जांभळा डाग. स्टॅम्पपॅडची शाई. ओल्या शाईवर वही मिटली की समोरच्या पानावर उमटते. पास्टर, भिकाजीला सही येत होती?"

"नाही. अंगठा घेतला होता त्याचा."

"आणि सागरच्या साक्षीदाराचाही अंगठाच. अख्ख्या वहीत अंगठ्याची दोनच पानं होती. दोन्ही गेली. म्हणजे नेणाऱ्याला नाव वाचता येत नव्हतं. तो अंगठा शोधत होता. स्वतःचा. दोन सापडले, त्यातला आपला कुठला ते कळेना. पास्टर चहा सांगून यायच्या आत दोन्ही पानं फाडली."

एक कोंबडी पडवीत आली आणि सदूने तिला हाकलली.

"मोहरीएवढा खडा दिसतो, पण पत्र दिसत नाही," उमाताई हळूच म्हणाल्या. "चष्मा कधी नव्हताच ना, आजी?"

सोनूबाईने चुलीकडे बोट केलं.

"जालला मी. दोनी."

"आई!" सदू उठला. "अगं, त्या कागदावर तो सुटणार होता!"

"माला काय ठाव? पोलीस आले, कागूद कुठं, कागूद कुठं, सगला घर पालथा घातला. माज्या मनात आला, कागूद गावला तर पोराला फाशी लावतील. कागूदच नाय, तर गुना कसला?"

"बरोबर विचार केलात तुम्ही," उमाताई म्हणाल्या. "पलीकडच्या राज्यासाठी बरोबर. तिथे तो कागद म्हणजे गुन्हा. इथे तोच कागद म्हणजे सुटका. तुम्ही तिथला गुन्हा इथल्या चुलीत घातलात."

सलिलला कलम पंचवीस आठवलं. समानतेचं चौदाही आठवलं. त्याने दोन्ही परत जागेवर ठेवली.

"तू गेलीसच कशाला साक्षीला?" सदूने विचारलं. "वाडीत कळलं असतं तर?"

"त्यानं बोलवलां. म्हनाला, आये, तू हवीस. देव कंचा का असंना, पोरगा माजाच ना?" म्हातारी उठली. "चाय टाकते."

चहा झाला. पुरावा जाळणं हा दोन्ही राज्यांत गुन्हा आहे, एवढ्या एका बाबतीत देश एक होता. म्हणून ठरलं: चोरी झालीच नाही, वही पावसात भिजली. एप्रिलात.

"आता मी काय करू सांग," सोनूबाई म्हणाली. "मी बगितलाय ना डोल्यांनी, हातखंब्याला. मी सांगते तसा, कोर्टात."

"सांगितलंत की काकांना हवा तो पुरावा मिळेल," उमाताई म्हणाल्या. "पालखी येणार नाही. विहीर बंद. उद्या तुम्ही गेलात तर खांद्याला चौघं मिळणार नाहीत."

सोनूबाईने सदूकडे पाहिलं. पहिला खांदा त्याचा होता. सदूने तिकिटांची पेटी उगाच उघडली, उगाच मिटली.

"मी एकटा नेईन तुला," तो म्हणाला. "पाठुंगळी."

सोमवारी रत्नागिरीत प्रतिज्ञापत्र झालं. संध्याकाळच्या आत काकांनी सुवाच्य अक्षरात नवी सूचना लावली. तिकडच्या वकिलाने प्रतिज्ञापत्र फोनवर वाचून घेतलं आणि उसासा टाकला: आईच्या शब्दाला कोर्टात वजन नाही. तुमच्या कलेक्टरचा दाखला आणा, की रत्नागिरीत बाप्तिस्म्याला परवानगी लागत नाही.

मंगळवारी कचेरीतल्या कारकुनाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्याने सोनूबाईला खुर्चीही दिली.

"लागते त्या परवानगीचा दाखला मिळतो," तो म्हणाला. "लागत नाही, त्या परवानगीचा कसा देणार? रजिस्टरच नाही."

"पण लागत नाही हे खरं आहे ना?" सलिलने विचारलं.

"शंभर टक्के."

"मग तेवढं लिहून द्या."

"खरं असलं म्हणून लिहून देता येत नाही, सर. तुम्ही शिकवता, तुम्हाला ठाऊक असेल. अर्ज करा हवं तर. अर्ज घेतो मी."

सलिलने खिशातून पेन काढलं. सोनूबाई शेजारी बसली आणि सांगत गेली. तिच्या शब्दांना सलिल फक्त कचेरीचे कपडे घालत गेला. एकदा तो थांबला, "आजी, हे असं नाही करता येत," म्हणाला. "तू लिव," ती म्हणाली. उमाताईंनी मान हलवली, आणि त्याने लिहिलं:

'मे. जिल्हाधिकारी साहेब, रत्नागिरी, यांचे सेवेशी. विषय: जिल्ह्याची हद्द वाढवून मिळणेबाबत. अर्जदार विनंती अर्ज करते की, माझा मुलगा सागर याने जे केले तो आपल्या जिल्ह्यात गुन्हा नाही. तो सध्या ज्या कोठडीत आहे ती जागा मात्र आपल्या जिल्ह्यात येत नाही. सबब, उद्या बुधवारी सकाळी अकराच्या आत, सदर कोठडीपुरती, साधारण आठ फूट बाय दहा फूट, रत्नागिरी जिल्ह्याची हद्द वाढवण्यात यावी. मुलगा बाहेर आल्यावर हद्द पूर्ववत करण्यास अर्जदाराची हरकत नाही. कळावे, ही नम्र विनंती.'