दगडातली सवाष्ण

तुम्ही मघाशी हसलात ना, मी नवऱ्याला सारखं ‘हा’ म्हणते म्हणून? सगळेच हसतात. मुलगी जुन्या वळणाची आहे म्हणतात. चहा उकळेपर्यंत सांगते, काय झालं ते.

दोन हजार सहाची संक्रांत शनिवारी आली होती. लग्नाला सात महिने झाले होते, इथे अमेरिकेत, ट्रॉयला येऊन चार. शोभनाकाकूंकडे पाच वाजता हळदीकुंकू होतं. काळी चंद्रकळा, वर पोत्यासारखं जॅकेट, पायात बर्फातले बूट अशा अवतारात मी गाडीत बसले होते. मांडीवर हळदीकुंकवाची कुयरी आणि तिळगुळाचा डबा.

हा म्हणाला, “चर्चपाशी दहा मिनिटं थांबू? एक मेजरमेंट राहिलंय.”

“तिचंच ना?”

“यार, दगड आहे तो.”

हा कॉम्प्युटरवर गाड्यांचे पार्ट डिझाइन करतो. याच्या ऑफिसशेजारच्या चर्चच्या आवारात पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. त्यावरच्या पुतळ्याचं एक बोट थंडीनं तडकून पडलं, आणि नवं बोट घडवणाऱ्या कारागिराला ड्रॉइंग करून द्यायचं यानं हौसेनं अंगावर घेतलं. तेव्हापासून शनिवार तिचे. जेवताना तिच्या मनगटाची गोलाई, झोपताना तिच्या हनुवटीचा कोन. माझ्याही हनुवटीला कोन असेलच. तो कुणी मोजला नव्हता. माझं फक्त डाव्या हाताचं एक बोट मोजलं, अंगठीचं. “तुझ्या साइजचं तिला परफेक्ट बसतंय,” म्हणाला, खूश होऊन.

चर्चच्या मिसेस हॉलंड फावड्यानं वाट मोकळी करत होत्या. सत्तरीच्या बाई, पण दम लागला तरी बोलणं थांबत नाही. त्यांनी मला हाताला धरून स्मारकापाशी नेलं.

करड्या दगडाचा आठ बाजूंचा स्तंभ. त्यावर बावीस नावं, हुद्दे न लावता. स्तंभाला टेकून, माणसाएवढ्याच उंचीची, एक मुलगी उभी. डावा हात पुढे, तळवा वर.

“एकोणीसशे एकवीसमध्ये उभारलं,” मिसेस हॉलंड म्हणाल्या. “गावातल्या आयांनी सांगितलं, शिपाई नको, बंदूक नको. वाट बघणारी मुलगी हवी. म्हणून तिचं तोंड चर्चकडे नाही, रस्त्याकडे आहे. मुलं त्याच रस्त्यानं गेली होती.”

“ही खरी कोणी होती?”

“अ‍ॅडलीन. ते शेवटचं नाव आहे ना, वॉल्टर, त्याची वाग्दत्त वधू. आल्यावर अंगठी घालीन म्हणाला होता. ती एक्याऐंशी वर्षांची होऊन गेली, लग्न न करता. दर रविवारी यायची. स्वतःच्याच पुतळ्याशेजारी उभी राहायची, बिचारी.”

मलाही ‘बिचारी’ वाटलं असतं. पण तेवढ्यात यानं गळ्यातला मफलर काढला, मी विणलेला, आणि तिच्या तोंडावरचा बर्फ पुसायला लागला. हळूहळू. पापण्यांवरून, ओठांवरून. माझ्या नाकाला आलेला शेंबूड मी माझ्याच बाहीला पुसत होते.

मोजायचं यंत्र गाडीत राहिलं म्हणून हा गेला. मिसेस हॉलंड आत गेल्या. उरलो आम्ही दोघी. चार वाजले होते, पण उजेड राखेसारखा झाला होता. ओल्या लोकरीचा वास येत होता, मफलर तिच्याच खांद्यावर राहिला होता. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज बर्फानं गिळल्यासारखा...

मी कुयरी उघडली.

चिडून केलं मी ते, खोटं कशाला बोलू? म्हटलं, “ये ग बाई. घे माझ्या घरचं वाण. तूच तेवढी राहिली होतीस.” आणि तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. तळव्यावर तिळगूळ ठेवला.

कपाळ कोमट होतं.

यानं आत्ताच पुसलं म्हणून असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण जिचं लग्नच झालं नाही तिला मी सवाष्ण करून ठेवलं, आणि तेही माझ्या कुंकवानं, हे माझ्या लक्षात आलं ते गाडी सुरू झाल्यावर.

शोभनाकाकूंकडे पंधरा बायका, अत्तर, चिवड्याचा खमंग वास. जीव जरा भांड्यात पडला. काकू म्हणाल्या, “नव्या नवरीनं उखाणा घेतल्याशिवाय वाण मिळायचं नाही हं!”

उखाणा आठवडाभर घोकला होता. मी सुरुवात केली. पहिली ओळ झाली. दुसरी निम्मी झाली, आणि जिथं नाव यायचं तिथं... काही नव्हतं. पाटी पुसल्यासारखं.

बायका हसल्या. काकूंची मोना ओरडली, “मॉम, शी फर्गॉट हिज नेम!”

“अगं लाजतेस काय?” म्हणत काकूंनी स्वतःच याचं नाव सांगितलं. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. ऐकू काहीच आलं नाही.

परतताना हा गाडीत काहीतरी चघळत होता. तिळाचा वास येत होता.

“तिळगूळ कुणी दिला?” मी विचारलं. डबा बंद होता, माझ्या मांडीवर.

“तूच ना,” हा म्हणाला. “चर्चपाशी... हातावर ठेवलास की.”

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. बोट बसवलं, छान बसलं. कुंकू मात्र कारागिरानं घासलं तरी निघालं नाही. संसार ठीक चाललाय. नाव मेलबॉक्सवर आहे, मी रोज वाचते. दार उघडून आत येईपर्यंत गेलेलं असतं.

एकाच जागी ते आठवतं. म्हणून शनिवारी मीच म्हणते, चर्चपाशी थांबू. हा गाडीतच बसतो, काचा बंद, हीटर चालू. मी तिच्यासमोर उभी राहते, तिच्या हातावर, त्या माझ्या बोटावर, हात ठेवते. नाव ओठांवर येतं, अगदी येतं... पण माझ्या आधी कुणीतरी हळूच घेतं.

आणि तिकडे, बंद काचांच्या आत, हा मान वर करून ‘ओ’ देतो.