पहिला वेंडेल

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या नणंदेच्या घरी घडलंय, आणि शेवटचं तर माझ्याच मांडीवर. मी काही भुताखेतांच्या नादी लागणारी बाई नाही. आमच्या पेनसिल्व्हेनियात, बर्क्स काउंटीच्या या टेकड्यांत, दर दुसऱ्या घराला एखादी भुताची गोष्ट चिकटलेली असतेच. मी ती ऐकून घेते आणि भांडी घासायला उठते.

हे तसं नाही.

ऑगस्टमधला शेवटचा शनिवार होता. संध्याकाळची जेवायची वेळ, पण बाहेर अजून चांगलं ऊन होतं. माझी नणंद अर्लीन रीगल स्वयंपाकघरात एकटीच बटाटे सोलत बसली होती.

आणि मागच्या दारावर टकटक झाली...

खाली. गुडघ्याच्या उंचीवर.

थांबा, आधीचं सांगते. नाहीतर तुम्हाला संदर्भ लागायचा नाही.

अर्लीन शाळेत ग्रंथपाल होती. निवृत्त झाल्यापासून तिला एकच वेड. रीगलांचा मूळ पुरुष जर्मनीतून इकडे आला तो कुठल्या गावातून? मूळ पुरुष म्हणजे वेंडेल रीगल, असं घरात सगळे धरून चालायचे. त्याच्या जमिनीचे कागद होते, मृत्युपत्र होतं, चर्चमागे थडग्यावर झिजलेला दगड होता. चांगला म्हातारा होऊन, नातवंडं-पतवंडं बघून गेला. जन्माचा मात्र कुठेच पत्ता नव्हता.

माझा नवरा लेरॉय, म्हणजे तिचा भाऊ, चिडवायचा. "अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा वाढदिवस शोधतेयस. केक पाठवणारेस का?"

अर्लीन हसायची तेव्हा.

मग तिच्या मुलीचं, कर्स्टनचं, बाळ गेलं. पोटातच. दिवस भरत आले होते. मुलगा होता. त्याला नावसुद्धा ठेवलं नाही.

अर्लीनला रडू आलं नाही. दवाखान्यातून घरी आली, कोट काढून खुंटीला लावला आणि जुने कागद वाचत बसली. ताट पुढे ठेवलं तर जेवायची. नाही ठेवलं तर नाही.

मी एकदा विचारलं, "काय होतंय गं तुला?"

"काही नाही," ती म्हणाली. "खरंच काही नाही होत. बघ ना, चिमटा काढ."

पुढच्या वसंतात कर्स्टनला पुन्हा दिवस राहिले. नवरा ट्रकवर, महिनामहिना बाहेर, म्हणून ती आईकडेच राहायला आली. पुन्हा मुलगाच होता. या खेपेला तिनं आधीच सांगून टाकलं, "वेंडेल ठेवणार. समुद्र ओलांडून आला आणि म्हातारा होऊन मेला, त्याचं नाव."

झालं. अर्लीननं रात्रीचा दिवस केला. त्या म्हाताऱ्याचा जन्म सापडला की नातवाचा जन्म पक्का, असंच काहीतरी तिच्या डोक्यात बसलं असणार.

आणि सापडला. ऱ्हाईनकाठच्या एका खेड्यात बाप्तिस्म्याची नोंद होती. वेंडेल, बाप योर्ग रीगल, आई ॲना बार्बरा. फिलाडेल्फियाला लागलेल्या एका जहाजाच्या यादीत योर्गचं नाव मिळालं. पोराचं नव्हतं, पण त्यात नवल नाही. तेव्हा बंदरात फक्त मोठ्या पुरुषांची नावं लिहून घेत. बायकापोरांना कोण विचारतो? आईच्या कडेवर आला असणार, अर्लीन म्हणाली.

या छंदातल्या लोकांचा एक नियम आहे. जन्म सापडला की आधी त्या पोराला पुरून बघायचं. म्हणजे पुढच्या मृत्यूच्या नोंदी चाळायच्या, ते लहानपणीच गेलं नाही ना याची खात्री करायची. हा नियम अर्लीननंच कितीजणांना शिकवला होता.

या वेळी तिनं बघितलं नाही. पोटुशी लेक वरच्या खोलीत झोपलेली असताना कुठली बाई बघेल?

ऑगस्टमध्ये रीगलांच्या मेळाव्याला म्हाताऱ्याच्या थडग्यावर नवा दगड बसवला. वेंडेल रीगल, जन्मतारीख, जन्मगाव, आणि खाली 'समुद्र ओलांडून आला'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बटाट्याच्या सॅलडवर तुटून पडले.

त्याच आठवड्यात ती टकटक.

अर्लीननं दार उघडलं. कोणी नव्हतं. गवतात काही हलत नव्हतं, शेजारचा कुत्राही भुंकत नव्हता.

पायरी ओली होती...

महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. तिनं फडकं आणून पायरी पुसली आणि राहिलेले बटाटे सोलले. घाबरली नाही. घाबरायला तरी आत काही जागं असावं लागतं.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्याही.

मी म्हटलं, रॅकून असेल, खरकटं शोधत दारं खाजवतात ती जनावरं. लेरॉय म्हणाला, "वेंडेल आजोबा केक मागायला आलेत." कर्स्टन उठून वर निघून गेली. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही सगळे तिथे जेवायला होतो. पोर्क आणि सावरक्राउट, म्हणजे आमची आंबवलेली कोबी. लेरॉयनं कर्स्टनच्या पोटाकडे बघून सहज विचारलं, "काय मग, आमचे वेंडेलबाबा काय म्हणतात?"

कर्स्टननं काटा खाली ठेवला. हात पोटावर गेला.

"हलायचा थांबला."

थेट दवाखाना गाठला. ठोके ठीक होते. झोपला असेल, डॉक्टर म्हणाले. परतताना गाडीत कर्स्टन पुढे बघत म्हणाली, "आई, त्याचं नाव घेतलं की असं होतं. दर वेळी. दुसरंच कोणीतरी ओ देणार आहे म्हणून हा गप्प बसतो, असं वाटतं मला."



दुसऱ्या दिवशी अर्लीन आमच्या इथल्या जुन्या चर्चची दप्तरं बघायला गेली. आधी बघायला हवं होतं, ते आता बघितलं. जहाज लागल्यानंतर काही वर्षांनी त्याच योर्गनं आणि त्याच ॲना बार्बरानं इथे एका मुलाचा बाप्तिस्मा केला होता.

नाव वेंडेल.

शेजारी पाद्र्यानं लिहिलं होतं, 'या नावाचा पहिला मुलगा वाटेत समुद्राला दिला.'

आमच्या लोकांत ही रीतच होती. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव. म्हणजे दगडाखालच्या म्हाताऱ्यानं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. आणि दगडावरची तारीख होती त्या तान्ह्या पोराची, ज्याला कुठेच थडगं नव्हतं. अर्लीननं त्याला आता ठिकाण दिलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं कर्स्टनला समोर बसवलं. "नाव बदल, बाळा. दुसरं काहीही ठेव. ते एका गेलेल्या मुलाचं आहे."

"माहीत आहे मला."

"तुला कसं माहीत? मला आज कळलं."

कर्स्टन टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होती.

"पहिल्यालाही मी तेच ठेवलं होतं, आई. कुणाला सांगितलं नाही. नर्सनं त्याला माझ्या हातात दिलं ना, तेव्हा कानात म्हटलं."

आणि मागच्या दारावर टकटक झाली...

खाली.

अर्लीन दाराकडे बघत राहिली. बाहेर कोण होतं? तो समुद्रातला, की आपला? तिच्या छातीत त्या वेळी काहीतरी हललं. काय, ते तिला अजून सांगता येत नाही.

कर्स्टन उठली. दार उघडलं. एखादं लहान मूल उंबरा चढून आत यायला जेवढा वेळ लावेल, तेवढा वेळ दार धरून उभी राहिली.

मग तिनं दार लावलं.

जानेवारीत बाळ झालं. गुटगुटीत, रडकं, अगदी व्यवस्थित. नाव एमोस. वेंडेल हे नाव आता आमच्यात कोणी घेत नाही. अर्लीननं तो दगडही काढवला. पायरी कोरडी असते. मागच्या दारावर त्यानंतर कधी टकटक झाली नाही.

गेल्या रविवारी मी बाळाला बघायला गेले होते. भर दुपार होती. बाळाच्या खोलीत मी एमोसला मांडीवर घेऊन बसले होते. लाथा झाडत होता नुसता. अर्लीन शेजारी त्याच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

आणि टकटक झाली...

खोलीतल्या कपाटाच्या दारावर. खाली. आतून.

एमोसच्या लाथा थांबल्या. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता. डोळे उघडे होते, आणि तो कपाटाकडे बघत होता.

मी अर्लीनकडे पाहिलं. तिनं हातातली घडी पुरी केली आणि पुढचं अंगडं उचललं.

"घाबरू नका मामी," कर्स्टन दारातून हळूच म्हणाली. "भाऊच आहे त्याचा."

मी विचारणार होते, तो समुद्रातला नाही, हे तुला नक्की माहीत आहे का गं?

नाही विचारलं. एमोस अजून हलला नव्हता.