शेवटचं पान हार्पचं

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या उतारावर ढकलगाडी हातातून सुटली आणि मारिटच्या काळजाचं पाणी झालं. गाडीवर तिची हार्प होती, माणसाएवढं उंच तंतुवाद्य.

"अहो — धरा! धरा तिला!"

सभागृहाच्या मागच्या दाराशी, तळ्यावरच्या बोचऱ्या वाऱ्यात, एक उंच सावळा तरुण कॉफी पीत उभा होता. त्याने हार्पला दोन्ही हातांनी कवटाळलं. कॉफी सगळी कोटावर.

"पहिल्याच भेटीत मिठी," तो धापा टाकत म्हणाला, "आणि तीही हिला!"

"तिला सवय आहे. मला नाही," मारिट म्हणाली... आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून कानापर्यंत लाल झाली.

तारा जुळवायच्या म्हणून हार्पवाल्यांना सगळ्यांच्या आधी यावं लागतं. रिकाम्या रंगमंचावर ती खुंट्या पिळत होती आणि हा कोट पुसत तिथेच रेंगाळत होता. जायचं नाव नाही! तिलाही तो जायला नकोच होता म्हणा.

"आज काय वाजवणार?"

"नव्यांचं. वर्षातून एकदा आमचा ऑर्केस्ट्रा हयात संगीतकारांच्या रचना वाजवून बघतो. त्यातली एक मोठ्या कार्यक्रमाला घेतो. मला तर हाच दिवस सगळ्यात आवडतो. पण आजचा एक महाभाग आहे ना... हार्पला पियानो समजलाय! एकेका हाताला पाच-पाच सूर. अहो, हार्पला करंगळी लावतच नाहीत!"

"करंगळी... लावत नाहीत?"

"अगदी पहिल्या दिवशी शिकवतात हे."

तो कोट पुसायचा थांबला. मग हळूच म्हणाला, "मग त्या महाभागाचं काय करावं?"

"कान पिळावा, चांगला!"

त्याने मुकाट्याने डोकं पुढे केलं. "पिळा. मीच तो. वेंडेल टिब्ज."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मारिटला. पण तो हसत होता... आणि हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती. आता अशा वेळी कोणी कान पिळतं का?

सगळे वादक जमले. संचालिका रोझलिंडबाईंनी वेंडेलची रचना घेतली. सुरुवात काय सुरेख होती! पण हार्पशी आलं की गाडी अडायची. बाई थांबवायच्या, पुन्हा सुरू करायच्या. आणि या लोकांचा नियम म्हणजे नियम. जेवणाची वेळ झाली की सूर अर्धा असला तरी हात थांबतात. थांबलेच. शेवटचं पान राहून गेलं, आणि ते नेमकं एकट्या हार्पचं होतं.

सगळे जेवायला गेले. वेंडेल पहिल्या रांगेत बसून राहिला.

"चालायचंच," तो म्हणाला. "टोलेडोला दादाचं फरशांचं दुकान आहे. या वेळी जमलं नाही, तर सोमवारपासून गल्ल्यावर बसायचं ठरलंय. एवढंच वाटतं, हा शेवट मी स्वतःसुद्धा कधी ऐकला नाही हो. नुसता डोक्यात ऐकलाय."

मारिट जेवायला उठली होती, ती परत बसली. चूक त्याची, पण अडखळले तिचे हात.

"इकडे या. पेन्सिल आणा."

"आणि तुमचं जेवण?"

"जेवण कुठे पळून जात नाही. संगीतकार जातात." तिने पान उघडलं. "बोला, यातला कुठला सूर काढू?"

"एकही नको... सगळी माझीच लेकरं."

"मग एकेकाला मामाच्या गावाला पाठवा!"

तो खळखळून हसला. मग दोघांची डोकी पानावर वाकली. खोडता खोडता त्याचा हात तिच्या हाताला लागला... कोणीच हात मागे घेतला नाही.

मग मारिटने ते पान वाजवलं. सावकाश, प्रत्येक तारेला विरू देत. वाजवून झालं आणि तिने वर पाहिलं, तर वेंडेलचे डोळे भरून आले होते.

"हे... मी लिहिलंय?"

"तुम्हीच."

तेवढ्यात मागे सर्रर्र आवाज झाला. जेवून परतलेले वादक वाद्यं हातात घेऊन दारात उभे होते आणि बूट जमिनीवर घासत होते. हात मोकळे नसले की ही मंडळी पायांनीच दाद देतात.

"मॅडम," बासूनची लांब नळी हातात धरलेला म्हातारा ओटिस रोझलिंडबाईंना म्हणाला, "पोराचा शेवट राहिलाय."

"ओटिस, दुपारची वेळ बाकीच्या संगीतकारांची आहे. ती कशी घेऊ?"

"मग आमची कॉफीची सुट्टी घ्या. ती तर आमच्या बापाची आहे ना? मत घेऊ. हात वर करा रे!"

भराभर हात वर गेले. एक ट्रम्पेटवाला तेवढा कुरकुरला. "कॉफी तशीही भिकारच असते इथली," म्हणत शेवटी त्यानेही हात वर केला.

दुपारी सगळ्यांनी कॉफी सोडून वेंडेलची रचना शेवटपर्यंत वाजवली. मारिटची एकही तार अडखळली नाही. वेंडेल आभार मानायला उठला आणि "तुमची सुट्टी..." एवढंच म्हणून सगळ्यांपुढे कमरेत वाकला. ओटिसने त्याच्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी निवड झाली ती एका सत्तरीच्या बाईंच्या रचनेची. होतीही ती त्याच तोडीची, खोटं कशाला बोला? पण मारिटचं तोंड एवढंसं झालं.

वेंडेल बसची वाट बघत होता, त्या थांब्यावर ती धावतच पोचली. केसांत बर्फाचे कण, गळ्यात अर्धवट गुंडाळलेला मफलर.

"चाललास? फरशा विकायला?" 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही.

त्याने 'थांब' म्हणून बोट वर केलं आणि फोन लावला.

"दादा, सोमवारपासून मी येत नाहीये."

"निवडलं तुला?" पलीकडचा आवाज एवढा मोठा, की मारिटलाही ऐकू येत होता.

"नाही."

"मग डोकं फिरलंय का तुझं?"

"दादा, ऐक... इथल्या लोकांनी माझ्यासाठी आपली सुट्टी दिली. एका मुलीने उपाशी राहून माझा शेवट मला ऐकवला. एवढं मिळाल्यावर लिहिणं सोडलं, तर माझ्यासारखा कृतघ्न मीच."

पलीकडे दुकानाचा गल्ला बंद झाल्याचा आवाज आला. मग दादा खाकरला.

"ती मुलगी... आवडते तुला?"

वेंडेलने मारिटकडे पाहिलं. "हो. खूप."

"तिला सांगितलंस?"

"ऐकतेय ती, दादा."

मारिटने पुढे होऊन फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "दादा," ती म्हणाली, "दुकानासाठी दुसरं कोणीतरी बघा. हा आता नाही यायचा."