पालेवाली आणि दरबान

बर्फाच्या यंत्रात तळाला उरलेला बर्फ एका उंच माणसानं माझ्या डोळ्यांदेखत आपल्या डब्यात ओढून घेतला. सगळाच्या सगळा!

"अहो, थोडा तरी ठेवा," मी म्हणाले. "माझे नमुने वितळतायत."

त्यानं वळून पाहिलं. आधी माझ्या नळ्यांकडे, मग माझ्याकडे. मला त्या क्रमाचाच राग आला.

"तुम्हीच का त्या पालेवाल्या मॅडम?"

"काय?"

"नाही म्हणजे... झुडपाच्या पानांचे नमुने तुमच्याकडूनच येतात ना आमच्या मशीनरूममध्ये? आम्ही आपलं... तसं म्हणतो."

"असं? आणि आम्ही तुम्हाला दरबान म्हणतो. बूट काढल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही म्हणून."

तो मनापासून हसला आणि अर्ध्याहून जास्त बर्फ माझ्या डब्यात ओतला. राग तिथेच निम्मा झाला, उगाच खोटं कशाला बोलू?

ते झुडूप कुठल्याही भिंतीच्या कडेनं उगवतं. कुणी त्याला विचारत नाही. त्याच्या पानांच्या अर्कानं कर्करोगाच्या पेशी मंदावतात, असं मला दिसलं होतं. या पेशी साखरेवर नुसत्या तुटून पडतात. अर्क घातल्यावर त्यांच्या खाण्यापिण्यात काय बिघडतं, ते मी शोधत होते. पेशी गोठवून मी मशीनरूमला पाठवायचे आणि पेशींच्या पोटात काय काय सापडलं, ते दरबानाचं यंत्र सांगायचं. पण दर खेपेला उत्तर वेगळं! माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शेवटी सांगून टाकलं होतं, "पुढच्या खेपेला आकडे जुळले नाहीत तर हे झुडूप बंद. दुसरा विषय घे." घरून बाबा फोनवर विचारायचे, काय म्हणतंय तुझं झुडूप? मी म्हणायचे, मजेत आहे. फोन ठेवला की पुन्हा ते न जुळणारे आकडे काढून बसायचे.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला बर्फाच्या यंत्रापाशी उभ्या उभ्या का सांगितलं, देव जाणे.

"एकदा तुमचं काम बघू का?" तो म्हणाला. "नुसतं बघतो. हात नाही लावणार."

"लावलात तरी चालेल," मी म्हणाले, आणि कान तापले. "म्हणजे — कामाला."

दुपारी तो खरंच आला. हाताची घडी घालून माझ्या मागे उभा राहिला. मी पेशींवरचा अर्क काढला आणि कोमट द्रावणानं त्यांना हळूहळू धुवायला घेतलं. एकदा, मग पुन्हा.

"हे काय चाललंय?"

"धुतेय. अर्काचा अंश मागे राहू नये म्हणून."

"धुताय? आंघोळ घालताय तुम्ही! तान्ह्या लेकराला घालावी तशी. ज्यांना मारायला निघालात त्यांचेच एवढे लाड?"

"जोरात ओतलं तर प्लेटवरून सुटून येतात हो त्या..."

"कबूल. पण तुमची आंघोळ होईस्तोवर त्या जिवंत आहेत. अर्क गेला की सावरतात, पुन्हा खायला लागतात. कधी थोडं, कधी जास्त. माझ्याकडे येतात त्या अशा ताज्यातवान्या होऊन."

माझ्या हातातली नळी तशीच राहिली. म्हणजे माझ्या हळुवारपणानंच घात केला होता! रडू येत होतं. पण त्याच्यासमोर? शक्यच नाही.

"मग कसं करायचं ते दाखवा," मी म्हणाले. "आत्ताच."

एकाच दमात करायचं होतं ते. अर्क काढायचा, गार द्रावणाचा एकच हात फिरवायचा आणि लगेच कडक गोठवणारं द्रावण ओतायचं. एकट्याच्या हातून होणारं काम नव्हतं. तो बर्फावर प्लेटा धरायचा, मी ओतायचे. बोटं बधिर झाली.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं."

"तुम्ही प्लेट हलवू नका."

द्रावणाच्या गार वाफेनं त्याचा चष्मा धुरकटला. त्याचे दोन्ही हात अडकलेले. मी हातमोजा काढला, चष्मा अलगद उतरवला, ओढणीनं पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला... या वेळी प्लेट हलली.

निकाल घेऊन तो स्वतः माझ्या टेबलापाशी आला.

"आकडे जुळले."

मी उडीच मारली.

"थांबा... पूर्ण ऐका. कर्करोगाच्या पेशींचं साखर खाणं थांबलंय. पण तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी पेशींचंही थांबलंय."

"म्हणजे... विषच हे?"

"सध्या तरी," तो म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता. "गोड करून सांगावंसं वाटत होतं. पण मॅडमसमोर तुम्ही उभ्या राहणार. अर्धं सांगून कसं पाठवू?"

मी तशीच उठले आणि मॅडमच्या खोलीत गेले.

"आधीचे आकडे माझ्या धुण्यानं बिघडले होते," मी सांगितलं. "हे खरे आहेत. आणि वाईट आहेत."

"मग बंद करू या?"

"नाही." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "अर्कात एकच गोष्ट नसते, मॅडम. मी घटक वेगळे करते, एकेक तपासते. एखादा फक्त रोगट पेशींनाच उपाशी ठेवत असेल."

"आणि एकही नाही निघाला तर?"

"तर मीच येऊन सांगेन, बंद करा म्हणून."

मॅडमनी माझ्या हातातला निकाल घेऊन वाचला. "आज पहिल्यांदा तुझ्या आकड्यांवर माझा विश्वास बसलाय," त्या म्हणाल्या. "कर."

बाहेर तो आग विझवण्याच्या सूचना वाचण्याचं सोंग करत उभा होता.

"काय झालं?"

"झुडूप वाचलं."

त्यानं इतक्या जोरात श्वास सोडला की दोघांनाही हसू फुटलं. हसता हसता मी ठरवूनच टाकलं.

"आता मी बोलते. मध्ये बोलायचं नाही. मला तुम्ही आवडता. मला वाईट वाटणार हे माहीत असूनही खरं सांगितलंत, म्हणून. असा माणूस मला जन्मभर शेजारी हवाय."

त्यानं चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"मला वाटलं होतं," तो कसाबसा म्हणाला, "ते ऐकल्यावर तुम्ही माझं तोंडही बघणार नाही. इतकं जड मला कधीच काही गेलं नव्हतं. कारण तू... तू मला फार आवडतेस."

समोरून दोघं-तिघं येत होते. तरीही त्यानं माझा हात धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही.

"पण ऐका," मी म्हणाले. "घटक वेगळे करायचे म्हणजे वर्षं जातील. हाती काही लागेलच असं नाही. मी रोज उशिरा सुटणार, चिडचिड करणार, डोकं खाणार तुमचं."

"खा की," तो म्हणाला. "मला कुठं जायचंय?"