मागच्याची बारी

आळेफाट्यावर सकाळचं ऊन घाईने उतरत नाही. आधी पूर्वेकडच्या ढगांची कड जराशी फिकी पडते. मग बंद दुकानांच्या शटरवर, पत्र्याच्या एकेका खाचेत, पिवळट रेघा उमटू लागतात. उभ्या ट्रकांच्या टपावर ते ऊन चढतं, ताडपत्रीच्या सुरकुत्यांत थोडा वेळ साचून राहतं, चहाच्या गाडीवरच्या वाफेतून आरपार जातं आणि सगळ्यात शेवटी रस्त्यावर येतं. डांबरावरून कांद्याची सालं भिरभिरत असतात. त्यांच्या पातळ लाल कडा त्या उन्हात क्षणभर पेटतात आणि विझतात. एखादं कुत्रं उठतं, अंग ताणतं, आणि उन्हाचा पट्टा जिथे सरकला असेल तिथे जाऊन पुन्हा झोपतं. या सगळ्यात भिण्यासारखं काहीच नसतं.

गेल्या वर्षी, आषाढातल्या शेवटच्या रविवारी, ऊन असंच उतरलं होतं.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे जे घडलं ते अंधारात घडलं नाही. झोपेत नाही, तापात नाही. सकाळी सात ते साडेदहा या वेळात, डांबरी रस्त्यावर, माणसांच्या डोळ्यांदेखत घडलं. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा मावसभाऊ, बेल्ह्याचा स्वराज. त्याने ते मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याची नजर जमिनीवर होती.

स्वराज हौशी सायकलपटू. शर्यत आळेफाट्याहून सुटायची. नारायणगाव, मंचर, तिथून उजवीकडे वळून घोडेगाव, डिंभे धरण आणि वर डोंगरात तळेघर. पंच्याहत्तर किलोमीटर, साडेतीन तास. जो वेळेत पोचेल त्याला तालुक्याच्या संघात जागा.

पहिल्या वर्षी तो अकरा मिनिटांनी हुकला. दुसऱ्या वर्षी सहा. तिसऱ्या वर्षी चार.

दर वेळी मंचरच्या वळणापर्यंत सगळं ठीक असायचं. वळलं की पश्चिमेचा वारा थेट छातीवर. आषाढातला वारा तिथे वाहत नाही, ढकलतो. दर वेळी घरी येऊन स्वराज एकच सांगायचा, "वाऱ्याने घात केला."

आता चौथं वर्ष, आणि शेवटचं. पुढच्या महिन्यापासून चाकणच्या कंपनीत नोकरी, रविवार धरून. सायकल भिंतीला टांगली जाणार हे त्याला कळत होतं. संघात एकदा नाव लागावं, एवढंच त्याला हवं होतं.

सोबतीला पप्पू होता. आळ्याच्या गॅरेजात टेम्पो दुरुस्त करणारा, आडव्या अंगाचा, सतत खिदळणारा. आडवं अंग मोलाचं होतं. त्याच्या मागे सायकल लावली की वारा लागत नसे. एकाने पुढे राहून वारा खायचा, दुसऱ्याने त्याच्या आडोशाला दम घ्यायचा. दोन किलोमीटर झाले की पुढच्याने कोपर बाहेर काढून हलवायचं आणि मागच्याने पुढे यायचं. पुढे राहण्याच्या या पाळीला ते दोघे बारी म्हणत.

अजून एक रीत त्यांनी स्वराजच्या वडिलांकडून उचलली होती. दादाभाऊंनी तरुणपणी मेंढरं घेऊन मैलोनमैल पायपीट केली होती. कळपाच्या पुढे चालणाऱ्याने मागे वळायचं नाही. तो वळला की मेंढरं थांबतात. म्हणून शेवटी चालणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने हाक द्यायची. नुसतं "हाऽऽ". म्हणजे पुढच्याला कळतं, शेपूट तुटलेलं नाही. सायकलवरही वळून पाहिलं की हँडल डगमगतं. म्हणून मागे असेल त्याने "हाऽऽ" म्हणायचं. पुढच्याने वळायचं नाही.

"आज समदा वारा तू खा," सुटण्याआधी पप्पू म्हणाला. "मी पोहे खाल्लेत."

"बारी चुकवलीस ना पप्प्या, तर बघ."

"जरा हास की रं बाबा! तोंड बघ, जसं काय फाशीला चाललायस."

सात वाजता शर्यत सुटली.

कळंबपर्यंत मोठा घोळका होता. तिथून पुढे पुण्याच्या क्लबवाल्यांनी वेग वाढवला आणि घोळका फाटला. स्वराजने त्यांच्या शेवटच्या चाकाला चिकटायचा जिवापाड प्रयत्न केला. पाच हात अंतर पडलं. मग दहा. मग ते सगळे रंगीत सदरे एका वळणाआड गेले; मागे उरले स्वराज आणि पप्पू. यंदा तर मंचरच्या आधीच. स्वराजच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं.

मंचरला उजवीकडे वळल्यावर वारा आला.

पहिली बारी स्वराजची. मान खाली, नजर पुढच्या चाकावर. मागून पप्पूची हाक आली. "हाऽऽ."

दोन किलोमीटर झाले. स्वराजने कोपर हलवलं.

पुढे कोणी आलं नाही.

"पप्प्या, ये की पुढं!"

"हाऽऽ."

"अरे हाऽऽ काय करतोस? तुझी बारी हाये!"

बाजूच्या शेतातला ऊस जमिनीला टेकत होता. थोड्या वेळाने पुन्हा...

"हाऽऽ."

स्वराज मनातल्या मनात शिव्या घालू लागला. याच्यासाठी आपण पहाटे उठून सराव केला. हा फुकट आडोसा घेणार आणि शेवटी दमलो म्हणून हसणार. रागाने त्याने पेडल आणखी जोरात मारलं. मागची हाक तेवढ्याच अंतरावर राहिली. ना जवळ, ना लांब.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर त्याच्या एक गोष्ट लक्षात आली.

पप्पूच्या सायकलची चेन कायम करकरायची. गॅरेजवाल्याचीच सायकल अशी, म्हणून सगळे त्याला चिडवायचे.

आज... करकर नव्हती.

वाऱ्यात ऐकू येत नसेल, स्वराजने स्वतःला समजावलं. वारा समोरून होता. मागचा आवाज मागेच वाहून जाणार.

मग हाक कशी ऐकू येत होती? इतकी स्वच्छ? जणू कोणी त्याच्या मानेजवळ तोंड आणून...

"हाऽऽ."

त्याने वळून पाहिलं नाही. वळायचं नसतं.

घोडेगावात पाणी द्यायला गावातल्या बायका उभ्या होत्या. लंकाबाई नावाची एक वयस्क बाई रस्त्याच्या अगदी कडेला बाटली धरून होती. स्वराजने वेग कमी करून बाटली घेतली. तिने लगेच दुसरी पुढे केली. त्याच्याकडे नाही, त्याच्या मागे.

"ह्याला बी पाजा की वो पावणं," ती म्हणाली. "लई लांबून आल्यावानी दिसतोय."

"त्याला काय धाड भरलीय? नुसता मागं बसून आलाय!" स्वराज चिडून ओरडला आणि पुढे निघाला.

मागे लंकाबाईचा आवाज आला, "घ्या की... अवो, घ्या की..."

मग तो आवाज मध्येच थांबला.

डिंभ्याच्या धरणापाशी घड्याळात नऊ बेचाळीस झाले होते. राहिले होते अठरा किलोमीटर आणि अठ्ठेचाळीस मिनिटं. सायकल ताशी चौदाच्या वर जात नव्हती. हिशोब साधा होता. यंदाही तो हुकणार होता, आणि मागच्या तिन्ही वर्षांपेक्षा वाईट हुकणार होता.

त्याच्या मांड्या थरथरत होत्या. जलाशयावर पांढऱ्या फेसाच्या लाटा उठून त्याच्याच दिशेने येत होत्या. चढावरचं गवत भुईसपाट झालं होतं. ज्याला तो तीन वर्षं शिव्या देत आला, तो वारा आज त्याच्याकडे ढुंकूनही न बघता त्याच्या अंगावरून चालला होता. रडावं, की सायकल धरणात फेकावी, हे त्याला सुचेना.

त्याने उजवं कोपर बाहेर काढलं आणि हलवलं. एकदा नाही, तीनदा.

"ये," तो म्हणाला. "ये पुढं."

यावेळी हाक आली नाही.

उजव्या हाताला काहीतरी थंड घासून गेलं. ओल्या लोकरीचा वास आला. आणि मग...

वारा थांबला.

थांबला म्हणजे त्याच्यापुरता थांबला. गवत तसंच झोपलेलं होतं. लाटा तशाच येत होत्या. विजेच्या तारा शीळ घालत होत्या. पण त्याच्या सदऱ्याची फडफड बंद झाली. कानांतला घोंघाट गेला. पप्पूच्या आडव्या पाठीमागे असायचा तसा, त्याहूनही दाट आडोसा त्याच्यापुढे उभा होता.

समोर रस्ता रिकामा होता.

बारीक भुरभुर सुरू झाली. ती वाऱ्याबरोबर तिरकी येत होती; सगळा रस्ता काळा पडत गेला. फक्त त्याच्या पुढच्या चाकासमोर, दीड हात रुंद... कोरडा पट्टा. तो पट्टा त्याच्यापुढे चालला होता. वळणावर वळत होता. चढावर जरा मंदावत होता, जणू मागच्याची वाट बघावी तसा.

त्याला कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. स्वतःचा नव्हे. संथ, लांब, चालणाऱ्या माणसाचा.

स्वराज थांबला नाही. त्याने त्या कोरड्या पट्ट्यावर चाक ठेवलं आणि पेडल मारत राहिला. डोंगर सुरू झाला. पुढे गेलेले क्लबवाले एकेक करून दिसू लागले, धापा टाकणारे, वाकडे झालेले. तो त्यांच्या बाजूने निघून गेला. एकाने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पुढे पाहिलं आणि सायकल रस्त्याच्या कडेला घेतली. वाट देतात तशी.

तळेघरला घड्याळात दहा सत्तावीस झाले होते.

तीन मिनिटं राखून.

कोणीतरी गळ्यात फुलांचा हार घातला. कोणीतरी पाठ थोपटली. स्वराज सायकलवरून उतरला आणि तेव्हा कुठे त्याने मागे वळून पाहिलं. रस्ता पूर्ण ओला होता.

"आलास का, वाघा!"

आयोजकांच्या टेम्पोच्या फाळक्यावर पाय हलवत पप्पू बसला होता. हातात चहा. सदरा कोरडा ठणठणीत.

"तू... कधी आलास?"

"मी? मंचरच्या वळणावरच चेन तुटली ना माझी. केवढ्यानं वरडलो, तू कुठला थांबतोस! तितनं टेम्पोत बसून आलो." त्याने चहाचा घोट घेतला. "धरणापाशी तुला मागं टाकलं न्हाई का आमी? हात केला म्या. तू बघितलंस की माझ्याकडं."

"नाही. मी मान वर केलीच नाही."

"अरे बघितलंस! मानबी हलवलीस."

"नाही बघितलं म्हणतो ना!" स्वराज एवढ्या जोरात ओरडला, की पप्पूचं हसू पहिल्यांदाच गेलं.

स्वराजचं नाव संघात लागलं. बेल्ह्यात पेढे वाटले गेले. आठवड्याने तो मोटारसायकल घेऊन घोडेगावला गेला आणि लंकाबाईला शोधून काढलं. ती निवडत असलेल्या तांदळावरून हात न काढता म्हणाली, "तुमी आल्ते ते आठवतंय. मी बाटली धरून लई येळ हुबी व्हते, त्येबी आठवतंय. हात भरून आला व्हता. पन कुनाला देत व्हते... त्ये न्हाई आठवत, भाऊ."

मग त्याने वडिलांना सगळं सांगितलं. दादाभाऊ गोठ्याच्या दारात बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "पुढं कुठवर चालला त्यो?"

"तळेघरपर्यंत."

"मंग त्याची बारी झाली." ते उठले, धोतर झटकलं. "तुझी ऱ्हायली की."

स्वराज त्या संघाकडून एकदाही खेळला नाही. तो आता चाकणला असतो. खोलीपासून कंपनीच्या फाटकापर्यंत सरळ, उघडा रस्ता आहे. तो मला म्हणाला, सकाळी जाताना वारा समोरून येतो. मी म्हटलं, असेल. तो म्हणाला, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येतानाही समोरूनच येतो. रोज. बाकीच्यांच्या शर्टाची टोकं हलत नाहीत तेव्हाही. मान खाली घालून, छाती पुढे करून तो चालतो. मागे कोणीतरी निवांत चालत असतं.

तो वळून पाहत नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच्या खोलीवर गेलो होतो. सकाळची वेळ, खिडकी बंद. पंखाही बंद. ही गोष्ट त्याने मला तिसऱ्यांदा सांगितली, तशीच, त्याच शब्दांत. फक्त धरणापाशी आल्यावर तो थांबला. मग जमिनीकडे बघत, अगदी साध्या आवाजात, त्याने एक वाक्य जास्तीचं सांगितलं.

त्याने पप्पूला टेम्पोत पाहिलं होतं, आणि मागच्याला "ये पुढं" म्हणाला तो ते पाहिल्यानंतर.