उकिडव्यांच्या फ्लॅटचा नांदांक

मिरजेच्या गृहगंध प्रयोगशाळेत माणसांच्या नावाची एकही फाईल नव्हती. भालचंद्र उकिडवे खुर्चीत टेकले, तेव्हा समोरच्या लिफाफ्यावर लिहिलेलं होतं : 'शांतिसागर अपार्टमेंट, दुसरा मजला, फ्लॅट सात. वय एकतीस.'

"वय फ्लॅटचं आहे," डॉ. शहनाज मुजावर म्हणाल्या. "तुमचं आम्ही विचारत नाही."

"बरं करता," उकिडवे म्हणाले. "माझं सांगितलं असतं तर भाव आणखी पडला असता."

शेजारी बसलेले दलाल सुकुमार मगदूम हसले नाहीत. हा फ्लॅट विकण्याची जबाबदारी घेतल्यापासून त्यांचं हसणं कमीच झालं होतं.

फ्लॅट तसा साधा. एक बैठकीची खोली, एक झोपायची, स्वयंपाकघर आणि जेमतेम दोन कुंड्या मावतील एवढी गॅलरी. चौदा महिन्यांत अडतीस कुटुंबं तो बघून गेली होती. प्रकार अगदी मुलगी बघण्याचा होता. मंडळी येत, खिडक्या उघडून बघत, नळ सोडून बघत, उकिडव्यांनी केलेले पोहे खात आणि जिना उतरता उतरता 'कळवतो' म्हणत. कळवत कुणीच नव्हतं. एका गृहस्थांची छत्री राहिली, तर ती न्यायलाही ते वर आले नाहीत; खालून हाक मारली आणि 'टाका वरून' म्हणाले.

उकिडव्यांची मुलगी वसुधा हुबळीला होती. तिच्या घराच्या तळमजल्यावर एक खोली रिकामी होती आणि घरमालकानं ती फक्त दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. "बाबा, तुम्ही आधी या तर खरं, फ्लॅट मागनं विकला जाईल," असं ती दर रविवारी फोनवर सांगे. पण उकिडवे तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. माल समोर असल्याशिवाय त्यांनी कधी शिक्का मारला नव्हता. बंद घराला गिऱ्हाईक मिळत नाही, घर नांदतं दिसलं पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून पत्नी हेमलता गेल्यापासून दोन वर्षं ते एकटे त्या घरात घर नांदतं दाखवत राहिले होते. रोज संध्याकाळी दिवा लावत. दोन कप मांडत आणि एक परत ठेवत.

डॉ. मुजावरांनी लिफाफा उघडला. "नांदांक अकरा."

"कितीपैकी?"

"शंभरपैकी. चाळीसच्या खाली घर विकलं जात नाही. वीसच्या खाली लोक चहासुद्धा पूर्ण पीत नाहीत."

"तरीच ओ!" मगदूम म्हणाले. "पोहेसुद्धा टाकून जायची मंडळी. मला वाटलं, काकांच्या हाताला चव नाही."

उकिडवे निरीक्षकाच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, माप सांगता, पण मोजता काय ते सांगा. प्रमाण वजन कुठलं धरलंय?"

असा प्रश्न डॉ. मुजावरांना फारसा कुणी विचारत नसे. त्या खूष झाल्या. "हे बघा, माणसाच्या कातडीवर सूक्ष्मजीवांची वस्ती असते. तिला आम्ही त्वचावस्ती म्हणतो. तासाला त्यातले लाखो जीव झडून भिंतींवर, पडद्यांवर, फरशीवर बसतात. आता माणूस सुखात असेल तर त्याचा घाम एक प्रकारचा, दुःखात किंवा भीतीत असेल तर वेगळा. घाम बदलला की त्यावर जगणारी वस्ती बदलते. वस्ती बदलली की ती हवेत सोडते ती आम्लं बदलतात. तो वास आपल्याला जाणवत नाही, पण नाकाला कळतो. नव्वद सेकंदांत माणूस ठरवतो की इथं राहावं की निघावं. मग कारणं शोधत बसतो. नळ गळतो, ऊन येत नाही, जिना अरुंद आहे."

"म्हणजे घराची हवा म्हणतात ती हीच."

"हीच. आम्ही फक्त तिला आकडा दिला."

उकिडव्यांनी लिफाफ्यावरचं फ्लॅटचं वय पुन्हा वाचलं. "माझी बायको त्या घरात सात महिने आजारी होती. ते भिंतींनी धरून ठेवलं असेल. त्याला आता काय करणार?"

"ते नाहीये," डॉ. मुजावर म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुम्ही रंग दिलात. आजारपणाचे थर रंगाखाली गेले. आम्हाला सापडलं ते रंगावरचं, ताजं आहे." त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "नमुने घ्यायला आम्ही आलो, तेव्हा तुमच्या मनगटावरूनही एक बोळा फिरवला होता. भिंतीवरची वस्ती आणि मनगटावरची, दोन्ही एकच आहेत."

मगदूम उठून खिडकीतून बाहेरची पार्किंगची जागा निरखू लागले.

उकिडव्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि पुन्हा ताडून पाहिले. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे काटे असेच ताडून पाहिले होते. चूक नव्हती.

"म्हणजे अडतीस वेळा दार मीच उघडलं," ते म्हणाले.

"हो."

"आणि पोहेही मीच केले."

डॉ. मुजावरांनी दोन्ही कागद लिफाफ्यात परत घातले.

"मगदूम," उकिडवे म्हणाले, "जाहिरातीत दुरुस्ती करा. फ्लॅट उत्तम आहे, मालक सोडून."

उपाय दोन टप्प्यांचा होता. आधी घर निर्जंतुक करायचं. पण तेवढ्यानं भागत नाही. निर्जंतुक घराचा नांदांक शून्य येतो. माणसाला ते लॉजसारखं वाटतं. म्हणून नंतर तिथं सुखी माणसाची वस्ती रुजवायची. डॉ. मुजावर त्याला वस्तीरोपण म्हणत. मगदूम विरजण म्हणत, आणि खरं तर ते विरजणच होतं. अडचण एवढीच, की ते त्याच घरातलं लागे. परक्या घरातली वस्ती परक्या भिंतीवर धरत नाही.

"सुखाचा एखादा कोपरा लागेल," डॉ. मुजावर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गंधमापक घेऊन फ्लॅटवर आल्या. बैठकीच्या खोलीत अकरा. झोपायच्या खोलीत नऊ. गॅलरीत बारा, तिथं वारा होता. स्वयंपाकघरात त्या ओट्यापाशी वळल्या आणि यंत्राचा आकडा एकदम चढला. चाळीस. सत्तर. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी त्र्याण्णव.

"याच्यामागे काय आहे?"

"काही नाही," उकिडवे म्हणाले. "भिंत."

"काका."

त्यांनी कॅलेंडर उचललं. मागे जमिनीपासून अडीच फुटांवर तळहाताएवढा तेलकट, काळपट डाग होता. भोवती सगळीकडे नवा रंग, आणि हा तुकडा मात्र चौकोनात तसाच सोडलेला.

"अहो काका!" मगदूम ओरडले. "मी रंगाऱ्याला किती बोललो यावरनं! म्हटलं, पैसे घेतोस नि भिंत सोडतोस?"

"त्याला मीच सांगितलं होतं. म्हटलं, इथं कॅलेंडर येतं, कशाला रंग वाया घालवतोस. मला कंजूस समजला असेल बिचारा." उकिडवे डागाकडे न बघता बोलत होते. "ही इथं पाटावर बसायची, भिंतीला डोकं टेकून. भाजी निवडायची, तांदूळ निवडायची. माका घातलेलं खोबरेल लावायची. मी ऑफिसातून आलो की इथूनच विचारायची, अहो, आज कुणाकुणाचे काटे मोडलेत? एकोणतीस वर्षं रोज तेच. आणि स्वतःच हसायची. मी काही तेवढा हसलो नाही कधी."

डॉ. मुजावर खाली वाकल्या होत्या. "तेलाच्या थरात वस्ती झोपून राहिली आहे. कॅलेंडरमुळे उजेड लागला नाही. हे उत्तम विरजण आहे. पण नमुना फार जुना आहे, त्यामुळे सगळा थर खरवडून घ्यावा लागेल. अर्धा ठेवता येणार नाही."

"नंतर डाग?"

"राहणार नाही."

खाली रिक्षावाल्याशी कुणीतरी हुज्जत घालत होतं. ती संपेपर्यंत उकिडवे थांबले.

"घ्या," ते म्हणाले. "घर विकायचंय. वसुधा वाट बघतीय." मग पुढे होऊन म्हणाले, "फक्त हळू खरवडा. तिला मानेचा त्रास होता."

घर निर्जंतुक करण्यात आणि वस्ती वाढवण्यात नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी भिंतींवर फवारणी झाली. तोवर मगदूमांच्या कचेरीमागच्या खोलीत राहिलेले उकिडवे बाराव्या दिवशी किल्ली घेऊन घरी आले. वास असा काही नव्हता. त्यांनी दार लोटलं, चप्पल काढली, पिशवी खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं सांगितलं, "आज कुणाचाच नाही मोडला."

मग ते आहेत तिथंच उभे राहिले.

गंधमापक घेऊन आत थांबलेल्या डॉ. मुजावरांनी हे ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. "अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणाल्या.

"मी नाही विकत," उकिडवे म्हणाले. "मी इथंच राहतो. मगदूमांना मी सांगतो काय ते."

"काका, बसा जरा."

"बसलो."

"तुम्ही राहिलात तर ही वस्ती टिकणार नाही. तुमच्या अंगावरून रोज झडतं ते हिच्यापेक्षा जोमदार आहे. तुमच्या वेगानं बारा दिवस. तेराव्या दिवशी पुन्हा अकरा."

"मी आनंदात राहीन. आत्ता होतो, ते तुम्ही बघितलंत."

"आत्ता होतात. थोड्या वेळानं ती नाहीये हे आठवेल. मला तुम्ही फसवाल, घामाला फसवता येत नाही."

"विरजण पुन्हा लावायचं."

"डाग संपला काका."

उकिडव्यांनी मान हलवली. ते उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि पायात चप्पल सरकवली. दार ओढून घेताना त्यांनी ते फार पटकन ओढलं, जसं एसीच्या खोलीचं ओढतात.

फ्लॅट तीन दिवसांत गेला. बघायला आलेल्या जोडप्यातली स्वप्नाली आवटी थेट स्वयंपाकघरात गेली आणि फरशीवर बसलीच, असं मगदूमांनी सांगितलं. नळ तिनं सोडूनही बघितला नाही. नवऱ्यानं जिना अरुंद असल्याचा विषय काढला, तर ती म्हणाली, आपण कुठं हत्ती पाळणार आहोत.

खरेदीखत झालं त्या दिवशी डॉ. मुजावरांनी उकिडव्यांना एक बोटाएवढी काचनळी दिली. वस्ती वाढवताना एवढं उरलं होतं. "हुबळीच्या खोलीत फवारा. भिंत परकी आहे, पण थोडे दिवस तरी धरेल."

"माझ्याजवळ बाराच दिवस ना?"

"त्याहून कमी."

"आणि आवटींकडे?"

"ती दोघं धड नांदली तर पुष्कळ वर्षं. त्यांच्याही अंगावर चढेल हळूहळू."

उकिडव्यांनी नळी उजेडात धरली. प्रमाण वजन बघावं तशी वळवून वळवून बघितली आणि परत दिली. "त्यांच्याकडेच फवारा. तिला माणसांची सवय आहे."

गाडीला दोन तास होते. गॅलरीच्या दाराची एक किल्ली खिशात राहिली होती, ती द्यायला ते शांतिसागरचा जिना चढले. दार स्वप्नालीनं उघडलं.

"अय्या, काका! या की आत, चहा टाकते. आपलंच घर आहे."

"नको. बूट आहेत, काढायला वेळ लागतो." ते उंबऱ्यापासून एक पाऊल मागे उभे राहिले. त्यांनी हात लांब करून किल्ली दिली. आतली हवा दारातून बाहेर येत होती. स्वप्नालीनं किल्ली घेतली, आभार मानले आणि निरोपाचं हसून दाराला हात लावला.

"एक काम होतं," उकिडवे घाईनं म्हणाले. "पाण्याच्या मीटरचं एक पिवळं कार्ड असतं. आत कुठंतरी राहिलंय माझं. बघता का?"

असं कार्ड त्या इमारतीत कुणालाच कधी मिळालं नव्हतं.

"बघते की," म्हणत ती आत गेली. दार सताड उघडं राहिलं. उकिडव्यांनी कठड्याला पाठ टेकली आणि डोळे मिटले. आतून कपाटं उघडल्याचे आवाज येत होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काका, सापडत नाहीये ओ. कुठं ठेवलं होतं?"

"स्वयंपाकघरात बघा," ते म्हणाले. "सावकाश बघा. मला घाई नाही."